तिसऱ्या कार्डाची तार

त्या सकाळी माझं इंटरनेट बंद पडलं, म्हणून मी जिना चढून वर गेले. एरवी गेले नसते.

मगदूम अण्णांच्या खालच्या दोन खोल्यांत राहायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं, पण कारणाशिवाय मी कधी वर गेले नव्हते आणि तेही कधी खाली आले नव्हते. घर मिरजेतल्या जुन्या वस्तीतलं, जिना बाहेरून. एकमेकांच्या दारावरून जायचीसुद्धा वेळ यायची नाही. वर खुर्ची सरकली की अण्णा उठले, आणि संध्याकाळी गच्चीवर चपला वाजल्या की अण्णा फेऱ्या मारतायत, एवढीच मला त्यांची खबर. आमच्यात खरी ये-जा होती ती एका निळ्या तारेची. त्यांच्या खिडकीतून निघून, पन्हाळीच्या पाइपाला धरून ती माझ्या टेबलापर्यंत आली होती. त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हतं. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे होतं. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करून पानं पुण्याच्या प्रकाशकांना पाठवायची, माझं पोट त्यावर होतं. म्हणून त्यांनी आपल्यातलं मला जोडून दिलं होतं.

मी कडी वाजवली. "अण्णा, लाइन गेलीय का?"

उत्तर आलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

अण्णा कॉम्प्युटरच्या टेबलाशी जमिनीवर पडले होते. पडताना त्यांनी बहुतेक टेबलावरचं कापड धरलं असावं. ते त्यांच्या मुठीत होतं आणि कॉम्प्युटरचा उभा डबा आडवा होऊन त्यांच्या खांद्यापाशी आला होता. मागच्या वायरी ताणून सुटल्या होत्या. डोळे उघडे होते, ओठ एका बाजूला ओघळला होता. मला बघून ते काहीतरी बोलले. त्यात शब्द नव्हता.

अशा वेळी माझे हातपाय गळत नाहीत. तो गुण माझा नाही, आईच्या आजारपणाचा. मी मिरजेला आले तीच आईला इथल्या दवाखान्यात ठेवायला. चार-सहा महिने म्हणून खोली घेतली. आई गेली आणि मी परत गेलेच नाही. परत जायचं म्हणजे कुठे आणि कुणाकडे, हा प्रश्न होता. काम कुठेही बसून होण्यातलं. मग मिरजच बरी, असं म्हणून राहिले.

समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या दोघांना मी हाक मारली. त्यांनी अण्णांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून खाली आणलं. रिक्षात मी त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर धरून बसले. दोन वर्षांत त्यांच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बसले होते. त्यांच्या सदऱ्याला कापराचा वास येत होता.

डॉक्टर तरुण होते. मेंदूत गुठळी झालीय, उजवी बाजू गेलीय, वेळेवर आणलंत म्हणून जीव वाचेल, पण वाचा किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही मुलगी का?"

"नाही. भाडेकरू."

"घरचं कुणी?"

"बायको कधीच वारली. मुलगाही गेला, चार-पाच वर्षांपूर्वी. भाचा आहे बेळगावला."

"मग त्यांना बोलवा. अशा पेशंटला आपलं माणूस समोर लागतं."

मी अण्णांच्या खाटेपाशी जाऊन वाकले. "अण्णा, कुणाला फोन करू?"

त्यांचा चेहरा एकदम ताणला गेला. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट पकडलं. बराच वेळ ओठ जुळवत राहिले आणि मग दोन शब्द एकमेकांपासून लांब लांब बाहेर आले.

"फोन… नाही."

"भाच्याला तरी कळवायला नको?"

"फोन नाही," ते पुन्हा म्हणाले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"बरं. नाही करत." मी त्यांचे डोळे पुसले. स्वाभिमानी माणूस आहे, आजारपणात कुणाचे उपकार नकोत, असं मला वाटलं. बाहेर येऊन भाच्याला फोन मात्र केलाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अण्णा जरा सावध झाले. तोच 'फोन नाही' अधूनमधून चालू होता. शिवाय नवं एक सुरू झालं. ते डाव्या हाताची तीन बोटं वर करायचे आणि म्हणायचे, "चालू."

"तीन वाजता काय चालू, अण्णा?"

ते मान हलवून नाही म्हणायचे आणि पुन्हा तीन बोटं. मी तीन गोळ्या म्हटलं, तीन नंबरची खाट म्हटलं, पंख्याचं बटण म्हटलं. शेवटी ते दमून भिंतीकडे तोंड करून पडले.

दुपारी घरी आले तर जिन्यापाशी इर्शाद उभा. इर्शाद आमच्या भागाचा केबलवाला. सगळ्या गच्च्यांवरून टीव्हीच्या काळ्या वायरी त्यानंच फिरवलेल्या.

"देवस्थळी मॅडम, अण्णा हायेत कसं? गिरणीत कळलं मला." मी सांगितलं तशी त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मशिन पडलंय म्हणं त्यांचं. जरा वर जाऊन बघूया का? मागच्या गल्लीतल्या मॅडम कालपासनं फोनवर फोन करायला लागल्यात. लाइन न्हाई त्यांची."

"कोण मॅडम? आणि त्यांच्या लाइनीचा अण्णांच्या मशिनशी काय संबंध?"

इर्शादनं डोकं खाजवलं. "तिसरी तार तिकडं जाते की."

तेव्हा मला त्या तीन बोटांचा उलगडा झाला.

अण्णांनी मला तार जोडून दिली त्या दिवशी मी त्यांच्या कॉम्प्युटरची मागची बाजू बघितली होती. तार खोचायच्या तीन खाचा होत्या आणि तिन्हींत तारा.

"एका कॉम्प्युटरला तीन कार्डं कशाला?" मी सहज विचारलं होतं.

"हे पहिलं बाहेरचं. टेलिफोनच्या लाइनीवरनं येतं ते हितं येतं. दुसरं तुमचं. मशिननं बाहेरचं घ्यायचं आणि तुमच्याकडं सोडायचं."

"आणि तिसरं?"

"ते असंच. जादाचं."

"पण मग एका कार्डावरून डबी लावून चार तारा काढता येतात ना? सायबर कॅफेत तसंच असतं."

"येतात की." अण्णांना असले प्रश्न आवडायचे. त्या दिवशी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं नंतर कधी बोलले नाहीत. "पण डबी लावली की सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसायला लागतात बघा. नाव दिसतं, कुणाचं घर ते कळतं. कार्डं वेगळी ठेवली आणि मधी पहारा बसवला की ह्या तारेवरच्या माणसाला त्या तारेवरच्याचा पत्ता लागत न्हाई. मशिनला दोघं ठाऊक, त्यांना मात्र एकमेकांचं काही न्हाई."

एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेल्या माणसाची हौस, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

इर्शादनं डबा उभा केला. मी वायरी जागच्या जागी खोचल्या. मशिन सुरू झालं, पहिल्या दोन कार्डांचे हिरवे दिवे लागले. तिसरं पडताना वाकलं होतं. दोनदा काढून बसवलं तरी त्याचा दिवा लागेना.

"नवं कार्ड सांगलीत मिळंल उद्या," इर्शाद म्हणाला, "पण त्यांचं काम आजच्या आज जायचं असतंय. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम हाय त्यांचं. वेळेत न्हाई गेलं की कंपनी दुसऱ्याला देते."

"ह्या बाई आहेत तरी कोण?"

"अण्णांच्या सूनबाई. अभिनंदनदादांच्या मिसेस. त्रिशला वहिनी."

घराच्या मागे शेवग्याचं झाड, झाडापलीकडे कुंपणाची भिंत, आणि भिंतीला पाठ लावून मागच्या गल्लीतली घरं. त्यातलं एक त्रिशलाचं माहेर. मी त्या घराचं मागलं दार रोज बघत होते. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत असायचा. अण्णांची नात तिथे राहते हे मला ठाऊकच नव्हतं.

इर्शादनं सांगितलं ते थोडक्यात असं. मुलगा अपघातात गेल्यावर सून मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. सासरा-सुनेचं बोलणं बंद. तिनं घरी बसून करायचं काम धरलं, पण मागच्या गल्लीत टेलिफोनची जोडणी मिळेना. अण्णांना ते कुठूनतरी कळलं. त्यांनी इर्शादला बोलावलं, तिसरं कार्ड घातलं आणि शेवग्यावरून तार सोडली. त्रिशलाला सांगितलं की केबलवाल्याची नवीन सेवा आहे.

"फुकट दिली असती तर घेतली नसती त्यांनी. म्हणून बाकीच्यांसारखं बिल करतो मी. अण्णांनी शपथ घातलीया, नाव काढायचं न्हाई."

मी त्या दोन हिरव्या दिव्यांकडे बघत उभी राहिले. एक बाहेरचा, एक माझा.

"माझी तार काढा," मी म्हणाले. "त्यांची तिथं लावा."

"आणि तुमचं काम?"

"मी सायबर कॅफेत जाईन."

पण तार नुसती बदलून भागणार नव्हतं. प्रत्येक कार्डाला अण्णांनी वेगळे आकडे दिले होते, आणि तारेच्या पलीकडच्या कॉम्प्युटरला त्याच मालिकेतला आकडा द्यावा लागे. माझ्या कॉम्प्युटरवर तो त्यांनी माझ्यासमोर घातला होता, तेव्हा मला ते जमण्यासारखं होतं. फक्त ते त्रिशलाच्या घरी जाऊन करायला हवं होतं. ठरलं असं की मी इर्शादच्या ऑफिसातली म्हणून जायचं. इर्शाद वर तार लावेल आणि मला मिस्ड कॉल देईल.

दार तिनंच उघडलं. तिशीची, उंच, गळ्यात हेडफोन लोंबत असलेला. डोळे जागरणानं लाल झालेले.

"केबलच्या ऑफिसातून?"

"हो," मी म्हणाले.

"या, या. कालपासून वाट बघतेय. आज संध्याकाळच्या आत फाइल गेली नाही तर माझ्या नावावर काट बसेल." आतल्या खोलीत एक मुलगी पालथी पडून चित्र रंगवत होती. तिचं कपाळ आणि भुवया अण्णांच्या. मी पटकन नजर वळवली. "आई बस्तीत दर्शनाला गेलीय, नाहीतर चहा तरी टाकला असता तुम्हाला."

मी तिच्या खुर्चीत बसले, आकडे बदलले. ती मागे उभी होती. एकाएकी म्हणाली, "तुम्ही या भागात फिरत असाल ना? पलीकडचे मगदूम, त्यांच्याकडं काही झालंय का?"

"का हो?"

"काही नाही. संध्याकाळी गच्चीवर असतात. काल दिसले नाहीत."

मी पडद्यावरचे आकडे पुन्हा तपासायला लागले. मिस्ड कॉल यायची मी वाट बघत होते. फोन वाजलाच नाही. त्याऐवजी मागच्या बाजूनं, शेवग्यावरून, इर्शादचा खणखणीत आवाज आला.

"लागली काय ओ, देवस्थळी मॅडम?"

सवयीचा माणूस. गच्चीवरून गच्चीवर ओरडण्यात त्याचा जन्म गेलेला. त्रिशला मागल्या दाराकडे गेली, मीही तिच्या मागे. समोर, भिंतीपलीकडे, अण्णांच्या वरच्या खिडकीतून इर्शाद अर्धा बाहेर झुकला होता आणि त्याच्या हातात तार होती. त्यानं त्रिशलाला बघितलं आणि खिडकीच्या आत झाला.

त्रिशलाची नजर तारेवरून सरकत आली. खिडकी, शेवगा, भिंत, तिच्या न्हाणीचं छप्पर, आणि डोक्यावरचं भोक पाडलेलं चौकटीचं लाकूड.

"तुम्ही केबलच्या नाही," ती म्हणाली.

"नाही. मी त्यांची भाडेकरू. खाली राहते."

"आणि ही तार?"

"त्यांच्या कॉम्प्युटरमधून येते. पहिल्यापासून."

ती आत गेली, वाकली आणि कॉम्प्युटरच्या मागून तार ओढून काढली. तिकडून लगेच इर्शादची हाळी आली, "गेली की परत!" आतल्या मुलीला हसू आलं. आईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"धनश्री, पुढच्या अंगणात जा," त्रिशला म्हणाली. मुलगी गेल्यावर खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून ती कितीतरी वेळ उभी राहिली. पडद्यावर तिची फाइल तशीच होती. मग तिनं खाली बसून तार पुन्हा खोचली.

"आधी हे पाठवते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

फाइल मोठी होती, हळूहळू सरकत होती. आम्ही दोघी त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसलो. त्या पट्टीकडे बघतच तिनं सांगितलं.

"धनश्रीला ताप होता. मी ह्यांना ऑफिसात फोन केला, लवकर या म्हटलं. ताप काही फार नव्हता. मला एकटीला भीती वाटली, एवढंच. ते स्कूटर घेऊन निघाले आणि सांगली रस्त्यावर ट्रकनं… घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली जमली होती. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, ह्या बाईच्या एका फोननं माझं पोर गेलं. टेलिफोन खात्यातला माणूस. मी त्या घरात कशी राहणार होते, सांगा? घंटा वाजली की मला तेच ऐकू यायचं."

"मला वाटलं मी माझ्या हिमतीवर उभी आहे. आणि इतके दिवस ते मला पोसतायत होय?"

"पोसत नाहीत. काम तुम्हीच करता. तार तेवढी त्यांची."

पट्टी पूर्ण झाली. तिनं तार काढली, तिचं टोक टेबलावर ठेवलं. "सांगा त्यांना. नकोय मला."

"ते दवाखान्यात आहेत," मी म्हणाले. "काल सकाळी पडले. उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही. आज सकाळपासून मला तीन बोटं दाखवत होते, तिसरी तार चालू करा म्हणून. मला दुपारी कळलं. तुम्हाला जे सांगायचं ते तुम्हीच जाऊन सांगा. ते ऐकून घेतील, उलट बोलणार नाहीत. मला हे मधलं काम नको."

शेवटचं वाक्य जरा तोडून बोलल्यासारखं झालं. तशीच उठले आणि निघून आले.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. भेटायच्या वेळेला मी अण्णांना चमच्यानं पेज भरवत होते. पेज ओघळत होती, मी पुसत होते. एकाएकी त्यांनी तोंड मिटलं. मी वळून बघितलं. खोलीच्या दारात त्रिशला उभी होती. मुलीला आणलं नव्हतं.

ती खाटेच्या पायथ्याशी येऊन थांबली. घरून ठरवून आलेली असावी, कारण तिनं बोलायला तोंड उघडलं. पण समोरचा ओघळलेला ओठ, गळ्याशी मी लावलेला टॉवेल बघून शब्द तोंडातच राहिले.

अण्णांनी डावा हात वर केला. ओठ जुळवायला लागले. मला आता ते पाठ झालं होतं, काय येणार ते.

"फोन… नाही."

"त्यांना कुणाला कळवायला नको होतं," मी त्रिशलाला हळू म्हणाले. "पहिल्या दिवसापासून हेच…"

अण्णांनी जोरानं मान हलवली. माझ्याकडे रागानं बघितलं, इतकं की मी गप्प झाले. मग तिच्याकडे बोट केलं, स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि सगळा जीव एकवटून पुन्हा बोलले.

"फोन… नाही. फोननं… नाही. ट्रक. ट्रक."

त्रिशलानं खाटेचा लोखंडी गज धरला. मग ती खाली बसली. स्टूल नव्हतं, ती फरशीवरच बसली आणि खाटेच्या कडेला कपाळ टेकलं. अण्णांचा डावा हात तिच्या केसांपर्यंत पोचत नव्हता. मी तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

मग मी पेजेचं भांडं घेऊन बाहेर गेले. नळाखाली ते धूत असताना नर्स आली. आईच्या वेळेपासून ती मला ओळखत होती. बोलायला चांगली होती.

"घरचं माणूस आलं वाटतं," ती म्हणाली. "बरं झालं. आता तुम्ही थांबला नाहीत तरी चालेल, बाई. दमला असाल."

मी हो म्हणाले. भांडं स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिले. आईच्या खाटेपाशी मी एकटीच असायची. भेटायची घंटा झाली की बाकीच्या खाटांभोवती डबे उघडायचे, लहान पोरं धावायची, आणि आई दाराकडे बघत राहायची. येणारं कुणी नाही हे तिला माहीत होतं, तरी बघायची. अण्णा त्या दोन दिवसांत तसेच दाराकडे बघत पडायचे. त्रिशलाला मी जे तोडून बोलले ते हे दार मनात ठेवूनच बोलले होते. हे मला तिथे नळापाशी उमगलं. आणि हेही की ते दोन दिवस मी फार सुखात होते. कुणीतरी माझं मनगट धरून काहीतरी मागत होतं.

अण्णा वाचले. काठी धरून दोन-चार पावलं टाकता येण्याइतके सुधारले, पण जिना चढणं आता या जन्मी नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडायचा दिवस जवळ आला तसं त्रिशलाचं माझ्याशी बोलणं अडखळायला लागलं. ती यायची, धनश्रीच्या शाळेचं बोलायची, मिरजेच्या पाण्याचं बोलायची आणि उठून जायची. शेवटी मीच म्हणाले,

"खालच्या खोल्या मी रिकाम्या करते. अण्णांना खालीच ठेवावं लागेल, आणि तुम्ही दोघी वर या."

"अहो, तसं नाही. तुम्ही त्यांच्यासाठी इतकं केलंत, आणि आम्ही…" ती रडवेली झाली. "तुम्ही कुठं जाणार?"

"मला कुठंही चालतं. माझं काम तारेवरचं आहे."

ती नको नको म्हणाली. पण तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि त्याचा मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर वेगळं काय केलं असतं?

कोल्हापुरात एका ओळखीच्या प्रकाशकानं खोली बघून दिली. निघायच्या दिवशी इर्शादनं सामान टेम्पोत चढवायला मदत केली. पुस्तकं, कॉम्प्युटर, आईची शिलाई मशीन आणि दोन ट्रंका. खोली मोकळी झाली तशी लगेच गिरणीतली माणसं अण्णांची खाट खाली घेऊन आली. त्रिशलाच्या आईनं वाटेत खायला म्हणून भडंगाची पुडी बांधून दिली. धनश्री एव्हाना जिन्यावरून उड्या मारत पायऱ्या मोजत होती, त्या तिला नव्या होत्या.

अण्णांना खाटेवर टेकवून बसवलं होतं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून थांबवलं.

"कुठं?" त्यांनी विचारलं. एकेक शब्द आता यायला लागला होता.

"कोल्हापूरला, अण्णा."

"तिथं… कोण?"

त्रिशला उशी ठीक करत होती. तिचाही हात थांबला.

"आहेत की," मी म्हणाले. "पुष्कळ आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिलेला माणूस, त्यांना कळलं असणार. मान हलवली आणि हात सोडला.

येत जा, असं सगळे म्हणाले. मी येते म्हटलं. नंतर इर्शादकडून कळत राहिलं की अण्णा अजून बरीच वर्षं होते, धनश्री शिकून मोठी झाली, त्रिशलानं घराचं वरचं बांधकाम वाढवलं. मी काही गेले नाही. जायला कारण लागतं, आणि तसं कारण पुन्हा निघालं नाही.

त्या दिवशी टेम्पोवाल्यानं मागचं फळकट लावलं, दोरी आवळली. मी पुढे त्याच्या शेजारी चढून बसले. त्यानं किल्ली फिरवली आणि मग काहीतरी आठवल्यासारखं इंजिन तसंच ठेवून माझ्याकडे वळला.

"मागनं कुणी यायचं हाय का, मॅडम? थांबू जरा?"

"नाही," मी म्हणाले. "चला."